वस्तीचा कौल

20 मे 2025 हा मंगळवार होता. त्या दिवशी मुंबईत राज्य मंत्रिमंडळाने ‘माझे घर, माझा अधिकार’ या ब्रीदाखाली नवे गृहनिर्माण धोरण संमत केले, 2030 पर्यंत पस्तीस लाख घरे उभारण्याचा संकल्प सोडला आणि त्यापायी सत्तर हजार कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा आकडा मुक्रर केला. आणि त्याच दिवशी दुपारी कल्याण पूर्वेच्या मंगलराघोनगरात सप्तशृंगी नावाच्या इमारतीत वरच्या मजल्याचा स्लॅब खालच्या मजल्यांना बरोबर घेऊन कोसळला व सहा माणसे, त्यांत एक अजाण बालक, त्याखाली दगावली. योगायोगावरून निष्कर्ष काढू नयेत, हे मला मान्य आहे. परंतु कागदावरचे घर आणि डोक्यावरचे घर यांच्यामध्ये आपल्याकडे किती अंतर पडले आहे, हे ज्याला मोजावयाचे असेल त्याला मंत्रालय आणि मंगलराघोनगर यांमधले त्या दिवशीचे पन्नास-पंचावन्न किलोमीटर पुरेसे आहेत.

कौल हा शब्द मराठीत अनेक घरी नांदतो. छपरावर घालतात ते कौल, देवाला लावतात तो कौल, मतपेटीतून निघतो तोही कौलच. पण पेशवाईच्या दफ्तराचे रुमाल ज्यांनी उलगडले आहेत, त्यांच्या परिचयाचा कौल आणखी निराळा आहे. एखादी नवी पेठ वसवावयाची झाली, की सरकारातून शेटे-महाजनांस कौल दिला जाई: इतकी वर्षे इतक्या बाबींची माफी, बाहेरून येऊन घर बांधणाऱ्या उदमी-कारागिरास अमुक करांतून सूट, आणि त्याच्या बदल्यात पेठेची आबादी करण्याची जबाबदारी. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्या कुळास जो इस्तावा मिळे, त्याचेही मर्म हेच होते. पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग वर्षागणिक तो थोडथोडा चढावयाचा, आणि मुदत सरली की पुरा धारा भरावयाचा. सरकार तिजोरीतला पैसा काढून देत नव्हते. येऊ घातलेला पैसा काही काळ सोडून देत होते, तोही वस्तीच्या अटीवर. करसवलत देऊन घरे बांधवून घेण्याची जी युक्ती आज परदेशाहून आलेली म्हणून आपल्यापुढे मांडली जाते, ती आपल्याला इतकी काही परकी नाही. फरक एवढाच, की जुना कौल देणाऱ्याचे लक्ष पेठेत माणसे राहावयास आली की नाही याकडे असे, आणि अलीकडच्या कौलांत ती अट हळूहळू पुसट होत गेली.

या अलीकडच्या कौलांचा वृत्तान्त थोडक्यात सांगतो. 1961 च्या आयकर कायद्यात कलम 80-आयबीच्या दहाव्या पोटकलमान्वये, 31 मार्च 2008 पर्यंत मंजूर झालेल्या गृहप्रकल्पांच्या नफ्यावर संपूर्ण वजावट मिळत असे. मुंबई-दिल्लीत आणि त्यांच्या हद्दीपासून पंचवीस किलोमीटरांपर्यंत सदनिका एक हजार चौरस फुटांहून मोठी नसावी, एवढी मुख्य अट. त्यावर तोड काय निघाली, तर शेजारशेजारच्या दोन सदनिका एकाच कुटुंबास विकावयाच्या आणि ताबा मिळताच मधली भिंत पाडावयाची. कायदेमंडळास ही भिंत दिसावयास 2009 साल उजाडले. पुढे 2016 मध्ये कलम 80-आयबीए आले. 1 जून 2016 नंतर मंजूर झालेल्या परवडणाऱ्या घरांच्या प्रकल्पांना नफ्याची शंभर टक्के वजावट, पाच वर्षांत बांधकाम पुरे करण्याचे बंधन, दुकानांच्या जागेवर मर्यादा, आणि एका कुटुंबास एकच घर. सप्टेंबर 2019 पासून मुंबई महानगर प्रदेशात साठ चौरस मीटर चटईक्षेत्र आणि पंचेचाळीस लाख रुपये मुद्रांक-मूल्य अशी दुहेरी मर्यादा पडली. मुदत तीनदा वाढवून 31 मार्च 2022 पर्यंत आणली गेली. त्यानंतर ती वाढली नाही. घर घेणाऱ्यास व्याजावर दीड लाखाची जादा वजावट देणारे 80-ईईए हे कलमही त्याच तारखेला मिटले, आणि पंतप्रधान आवास योजनेतले दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठीचे व्याज-अनुदानही त्याच दिवशी थांबले. एका दिवसात तीन दरवाजे बंद व्हावेत आणि त्याचा आवाज मात्र कोणालाही ऐकू येऊ नये, हे कर-कायद्याचे वैशिष्ट्यच म्हणावयाचे.

आता पंचेचाळीस लाखांची गोष्ट जरा जवळून पाहू. ही मर्यादा वस्तू व सेवा करातही आहे. 1 एप्रिल 2019 पासून बांधकाम चालू असलेले ‘परवडणारे’ घर घेणाऱ्यास एक टक्का कर, इतरांस पाच टक्के. परवडणारे म्हणजे महानगरात साठ चौरस मीटर आणि पंचेचाळीस लाखांच्या आतले. साठ चौरस मीटर म्हणजे सुमारे 646 चौरस फूट. भागाकार केला तर चौरस फुटास सात हजारांच्या आतबाहेर. ठाणे शहरात, घोडबंदर रस्त्यावर तर नाहीच, पण कळव्यातसुद्धा या दराने नवे, कायदेशीर, लिफ्ट चालणारे घर शोधावयास निघालेल्या माणसाने बरोबर शिदोरी घेऊन निघावे. कल्याणपलीकडे टिटवाळा, आंबिवली या बाजूस गेल्यास हिशेब जुळतो; पण तिकडे हिशेबात चौरस फुटांऐवजी लोकलमधले तास धरावे लागतात.

काही महिन्यांपूर्वी एका ओळखीच्या दांपत्याबरोबर मी डोंबिवलीतल्या एका विकासकाच्या कार्यालयात बसलो होतो. नवरा एका कारखान्यात सुपरवायझर, बायको एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. दोघांचे मिळून महिन्याकाठी सत्तर-बाहत्तर हजार. समोरच्या तरुणाने गणकयंत्र पुढे सरकवून दोन कागदांवर दोन किंमती मांडल्या. पहिल्यावर पंचेचाळीस लाख. त्यावर एक टक्का, म्हणजे पंचेचाळीस हजार. दुसऱ्यावर सेहेचाळीस लाख, कारण त्या घराला स्वयंपाकघरालगत कपडे वाळत घालण्यापुरती एक पडवी होती. त्यावर पाच टक्के, म्हणजे दोन लाख तीस हजार. एका लाखाच्या पडवीसाठी एक लाख पंच्याऐंशी हजार रुपये कर. शिवाय मुद्रांक शुल्क आपल्याकडे मेट्रो-अधिभार धरून सात टक्के, खरेदीखत बाईच्या नावे केले तर सहा; नोंदणीचे तीस हजार निराळे; आणि छत्तीस लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता एकतीस हजारांवर. नवरा गप्प बसला होता. बाईंनी पहिला कागद आपल्याकडे ओढला आणि म्हणाल्या, “पडवी नको, एक खिडकी कमी केलीत तरी चालेल, पण पंचेचाळीसच्या आत बसवा.”

2019 साली आखलेली ही रेघ तेव्हापासून तिथेच उभी आहे. दरम्यान रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये अग्रक्रम-क्षेत्रातल्या गृहकर्जाच्या मर्यादा वाढविल्या, म्हणजे बाजार वर गेला हे सरकारच्याच एका हाताला ठाऊक आहे. सिमेंटवरचा कर त्याच वर्षी सप्टेंबरात अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला, हेही स्वागतार्ह. पण कराची रेघ ही उताराऐवजी कड्यासारखी असावी, एक रुपया इकडे तर माफी आणि एक रुपया तिकडे तर चौपट-पाचपट बोजा, ही रचना ज्या कोणी केली त्याला डोंगर चढण्याचा प्रसंग कधी आला नसावा.

मर्यादा वाढवा, जुनी वजावट पुन्हा चालू करा, असे म्हणून मी थांबलो असतो, तर विकासकांच्या संघटनांना हा लेख आवडला असता. माझे म्हणणे तेवढेच नाही. किंबहुना निराळेच आहे. कर-सवलतीने घरे निर्माण होतात हे खरे, पण ती कोणासाठी होतात हे सवलत कोणत्या जागी टोचली आहे यावर ठरते. घर घेणाऱ्याला व्याजाची वजावट दिली, तर तिचा लाभ ज्याला कर भरावा लागतो त्यालाच मिळणार. एप्रिल 2025 पासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, आणि त्या प्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावटही नाही. तेव्हा वर सांगितलेल्या दांपत्याला अशा वजावटीचा उपयोग शून्य. रिक्षा चालविणारा, पोळीभाजी केंद्रात राबणारी, रात्रपाळीचा सुरक्षारक्षक, यांच्याबद्दल तर बोलावयासच नको. ज्याच्या पदरी करच नाही त्याच्या कराची माफी म्हणजे टकल्याला फणीची देणगी. आणि बांधणाऱ्याला नफ्यावर वजावट दिली, तर जितका नफा अधिक तितकी माफी अधिक. घर विकून तो मोकळा झाला, की ते पुढे कोणाकडे आणि काय किंमतीला गेले याची वास्तपुस्त करणारा कोणी नाही. कौल दिला, पेठ बांधली गेली, आणि पेठेत शेट्याच राहिला.

ज्याला घर विकत घेणे शक्य नाही, त्याने कायदेशीर, भक्कम घरात भाड्याने राहावे, हा मार्ग एके काळी आपल्याकडे राजमार्ग होता. ठाण्याच्या नौपाड्यात, चरईत, कल्याणच्या पारनाक्यावर, डोंबिवलीच्या रामनगरात चाळी आणि दुमजली घरे बांधली गेली ती भाड्याच्या उत्पन्नाच्या आशेनेच. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडे 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधून टाकले. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूला संरक्षण हवेच होते, यात शंका नाही. पण तात्पुरता म्हणून घातलेला तो बांध पन्नास वर्षे उठला नाही. महिना पंधरा-वीस रुपये भाडे घेणाऱ्या मालकाने गच्ची कशी दुरुस्त करावी? मालकाने हात वर केले, भाडेकरूने पागडी देऊन घेतलेली जागा सोडली नाही, आणि नवी चाळ बांधण्याची बुद्धी कोणाला झाली नाही. 1999 च्या कायद्याने ही गाठ थोडी सैल केली. तोवर जुन्या भिंतींत पाणी मुरून गेले होते. 2015 च्या पावसाळ्यात 28 जुलैला ठाकुर्लीची मातृछाया इमारत पडली, नऊ माणसे गेली. पुढच्याच आठवड्यात नौपाड्यातले कृष्णनिवास पडले, बारा गेली. मालकाच्या अंगावर भाडेकरूचे संरक्षण टाकून सरकारने स्वतः त्यात कवडीही घातली नाही, त्याचे हे उशिरा आलेले व्याज होय.

चाळ संपली, तिची जागा अकरा महिन्यांच्या कराराने घेतली. दिव्याला राहणाऱ्या एक बाई आमच्या इमारतीत दोन घरी स्वयंपाक करतात. सहा वर्षांत त्यांनी पाच खोल्या बदलल्या. कधी मालकाचा मुलगा परत आला, कधी भाडे हजाराने वाढले, एकदा इमारतच अनधिकृत ठरून पाण्याची जोडणी तुटली. त्यांच्या खोलीत एका कोपऱ्यात तीन खोकी आहेत, सुतळीने बांधलेली. त्यांत पितळेची भांडी, थोरलीची बक्षिसे आणि एक मिक्सर आहे असे त्या सांगतात. ती खोकी गेल्या दोन बदल्यांत उघडली गेली नाहीत. पुन्हा बांधावीच लागणार, तर उघडावी कशाला, हा त्यांचा सवाल. गॅसचा पत्ता एक, आधारचा दुसरा, शाळेच्या दाखल्यावर तिसरा. आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या अशा माणसांच्या खरोखर उपयोगी पडेल अशी कर-सवलत मला कोठे दिसत नाही.

आणि तरीही ही माणसे कोठे तरी राहतातच. 4 एप्रिल 2013 ला शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत बांधून पुरी होण्यापूर्वीच कोसळली आणि चौऱ्याहत्तर बळी गेले. तिच्यात भाड्याने राहावयास आलेल्या कुटुंबांनी अजून बिऱ्हाडे नीट लावलीही नव्हती. डोंबिवली परिसरात बनावट बांधकाम परवानग्या तयार करून त्यांच्या आधारे महारेराचे नोंदणी क्रमांक मिळविलेल्या 65 इमारतींचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये त्या पाडण्याचा आदेश झाला. न्यायालयाने दुसरे काय करावयास हवे होते, ते मला सांगता येणार नाही. पण त्या घरांसाठी कर्ज काढून हप्ते भरणाऱ्यांनी तरी दुसरे काय करावयास हवे होते? त्यांनी कागद पाहिले होते, नोंदणी क्रमांक पाहिला होता, दर आवाक्यातला होता. अनधिकृत इमारत ही आपल्या पट्ट्यातली एकमेव परवडणाऱ्या घरांची योजना आहे जी वेळेवर पुरी होते, हे कटू वाक्य मी विनोदाने लिहीत नाही. तिला दरात हरवील असे कायदेशीर घर जोवर बाजारात नाही, तोवर हातोडा आणि स्थगिती यांचा पाठशिवणीचा खेळ चालू राहील.

अमेरिकेने 1986 मध्ये आपला आयकर कायदा सुधारताना या प्रश्नाला एक वेगळी किल्ली लावली. त्यांनी उत्पन्नातून वजावट न देता देय करातून थेट वळती देण्याचे ठरविले. आणि ती देताना घर विकावयाचे नाही, भाड्याने द्यावयाचे, तेही स्थानिक मध्यम उत्पन्नाच्या ठरावीक हिश्शाहून कमी कमावणाऱ्यांस, बांधलेल्या भाड्यात, निदान पंधरा वर्षे, अशी अट घातली; ही मुदत 1989 च्या दुरुस्तीने तीस वर्षांची झाली. प्रत्येक राज्याला लोकसंख्येच्या प्रमाणात अशा करवळतीचा कोटा मिळतो. बांधणारे त्यासाठी स्पर्धा करतात. ज्याला मिळतो, तो ती करवळती बँका आणि कंपन्यांच्या हवाली करून त्यांच्याकडून आगाऊ भांडवल उभे करतो. त्यामुळे कर्ज कमी लागते, आणि कर्ज कमी म्हणून भाडे कमी ठेवणे परवडते. वळती दहा वर्षांत पदरात पडते, आणि पहिल्या पंधरा वर्षांत अट मोडली, तर दिलेली सवलत वसूल केली जाते. ही व्यवस्था निर्दोष आहे असे नव्हे. ती किचकट आहे, वकील आणि मध्यस्थ तिच्यातून आपला वाटा काढून घेतात, आणि मुदत संपली की भाडी उसळतात. तथापि जवळजवळ चाळीस वर्षे दोन्ही पक्षांच्या राजवटींत ती टिकली आहे, आणि 2025 मध्ये तिथल्या कायदेमंडळाने तिची व्याप्ती वाढविली. कारण तिच्यात पैसा आणि अट ही एकाच दोरीने बांधलेली आहेत.

आपल्याकडे या दिशेला एक पाऊल पडले होते, हे फारच थोड्यांना स्मरत असेल. 2020 च्या टाळेबंदीत परगावचे मजूर चालत निघाले, तेव्हा त्यांना शहरात भाड्याची खोलीसुद्धा नव्हती हे दिल्लीला दिसले. त्या जुलैत परवडणाऱ्या भाड्याच्या घरसंकुलांची योजना मंजूर झाली, आणि 2021 च्या वित्त कायद्याने केंद्राने अधिसूचित केलेल्या भाड्याच्या प्रकल्पांना 80-आयबीए कलमाचा लाभ देऊ केला. पण त्या कलमाची मुदतच 31 मार्च 2022 ला संपली. भूखंड शोधणे, बिगरशेती परवाना, आराखडा, मंजुरी, अधिसूचना हे सारे एका वर्षात? कल्याणात सातबाऱ्यावरचा एक फेरफार एका वर्षात झाला, तरी माणूस पेढे वाटतो.

सप्टेंबर 2024 पासून लागू झालेल्या पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या पर्वात भाड्याच्या घरांचे एक अंग आहे. व्याज-अनुदानही परत आले आहे, पण ते जास्तीत जास्त एक लाख ऐंशी हजार, आणि घराची किंमत पस्तीस लाखांच्या आत असेल तर. ठाणे जिल्ह्याच्या शहरी पट्ट्यात पस्तीस लाखांची अट म्हणजे पुन्हा टिटवाळ्याची गाडी.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. म्हाडाच्या कोकण मंडळाने कल्याण तालुक्यात खोणी-शिरढोणला आवास योजनेतली घरे बांधली. सोडती काढूनही ती सारी गेली नाहीत, आणि अखेर ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ या तत्त्वावर ती विकण्याची पाळी आली. कल्याण-डोंबिवली महापालिकेने शहरी गरिबांसाठी बांधलेल्या बीएसयूपी योजनेतली घरे वर्षानुवर्षे रिकामी राहिली. मग घरे नाहीत म्हणावे, की माणसे नाहीत म्हणावे? उत्तर स्टेशनापासूनच्या अंतरात आहे. जे कुटुंब पहाटे पाचची लोकल धरते त्याला घराच्या भिंतींइतकीच रिक्षा, पाणी आणि शाळा ही घराची अंगे असतात. ती नसतील तर वीस लाखांचे घरही महाग. 9 जून 2025 च्या सकाळी मुंब्र्याजवळ भरगच्च लोकलच्या दारातून पडून प्रवासी मेले, ते स्वस्त घराच्या शोधात इतक्या दूर येऊन राहिलेल्यांपैकीच होते, असे मानावयास जागा आहे. म्हणून करवळती द्यावयाची, तर ती रिकाम्या माळावरच्या मनोऱ्याला देऊ नये. स्टेशनापासून चालत जाण्याच्या टप्प्यात, पाणी आणि मलनिःसारण जोडलेल्या जागेवरच द्यावी. वागळे इस्टेटीला लागून किसननगरात जी समूह विकासाची योजना चालली आहे, तिच्यासारख्या ठिकाणी मूळ रहिवाशांच्या घरांनंतर जी विक्रीयोग्य घरे उरतात, त्यांतला काही हिस्सा अशा भाड्यासाठी राखला, तर ठाणेकराला ठाण्यातच राहता येईल.

दुसरा आक्षेप तिजोरीचा. माफी दिली की महसूल बुडाला, असे वित्त खात्याचे साधे गणित. पण सरकारचा पैसा आजही जातोच आहे. तो बुडीत कर्जांच्या, पडलेल्या इमारतींच्या, तात्पुरत्या शिबिरांच्या आणि वाया गेलेल्या अनुदानांच्या खाती जातो, म्हणून अंदाजपत्रकात दिसत नाही. शिवाय अट न पाळणाऱ्याकडून सव्याज वसुलीची तरतूद असेल, तर ही माफी नसून मुदतीचा करार होतो. इस्ताव्यात आणि इनामात जो भेद तोच येथे.

आता मागणे. ठाणे, कल्याण आणि भिवंडी हे आपल्या जिल्ह्यातले तीन लोकसभा मतदारसंघ. तिघे खासदार दोन्ही बाजूंच्या बाकांवर बसतात, आणि या प्रश्नावर तिघांचे मतदार एकाच लोकलला लटकतात. 1961 चा आयकर कायदा जाऊन 2025 चा नवा कायदा 1 एप्रिल 2026 पासून अंमलात येत असताना, त्यात भाड्याच्या घरांसाठी अशी करवळती घालणारी दुरुस्ती त्यांनी एकत्र मांडावी: भाडे कुटुंबाच्या उत्पन्नाच्या ठरावीक हिश्शाशी बांधलेले, तीस वर्षे घर विकण्यास मनाई, महानगर प्रदेशाला लोकसंख्येनुसार कोटा, आणि अट मोडल्यास वसुली. मुदत निदान दहा वर्षांची असावी. वर्षावर्षाने वाढणारी मुदत ही बांधणाऱ्याला घाई करावयास लावते आणि घाईत बांधलेले घर कसे असते, याची उदाहरणे वर आली आहेत. विधानसभेचे काम याहून सोपे आहे, कारण मुद्रांक राज्याच्या हातात आहे. आवास योजनेतल्या दुर्बल घटकांच्या घरांना नाममात्र एक हजार रुपये मुद्रांक घेण्याचा पायंडा राज्याने पूर्वीच पाडला आहे. तोच बांधील भाड्याच्या इमारतींना लावावा. दहा लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांत 4,000 चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावर वीस टक्के घरे दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी देण्याचा 2013 पासूनचा नियम आहे; त्यातली काही घरे विक्रीऐवजी भाड्याच्या खाती घालता येतील. डिसेंबर 2024 पासून गृहनिर्माण आणि नगरविकास ही दोन्ही खाती ठाण्याच्याच आमदाराकडे, एकनाथ शिंदे यांच्याकडे आहेत. किसननगर आणि वागळे इस्टेट त्यांना नकाशावर दाखवावी लागत नाहीत. वस्तू व सेवा कर परिषदेत महाराष्ट्राचा शब्द हलका नसतो. पंचेचाळीस लाखांच्या त्या कड्याचा उतार करण्याचा प्रस्ताव तेथे महाराष्ट्राने न्यावा.

दिव्याच्या बाईंना मी हा लेख वाचून दाखविला नाही. त्यांना सकाळी वेळ नसतो. त्यांचा करार 31 जानेवारीला संपतो, आणि दुसऱ्या दिवशी अर्थमंत्री लोकसभेत अंदाजपत्रक मांडतात. खोलीचा मालक अजून काही बोललेला नाही. टेम्पोवाल्याला मात्र त्यांनी आताच सांगून ठेवले आहे, आणि सुतळीचा नवा गुंडा आणला आहे.